नेलपॉलिशचे ठिपके

आमच्या मोटरसायकलच्या अंगावर माझी नेलपॉलिश आहे. हसू नका. प्लगवर एक ठिपका, कार्बोरेटरवर एक, बॅटरीच्या कडेला एक आणि सायलेन्सरच्या पोटाखाली एक. लेकीच्या लग्नात मी ती एकदाच लावली होती, त्यानंतर ती लावली या गाडीनेच. ठिपके दिले आमच्या ह्यांनी. का, तर सर्व्हिसिंगला टाकली की मिस्त्री चांगला पार्ट काढून घेतो आणि कुणाचा तरी झिजलेला बसवतो, हे ह्यांचं ठाम मत. गाडी परत आली की हे दारात उकिडवे बसून एकेक ठिपका शोधणार, सापडला की त्यावर नख घासून बघणार, आणि मगच चहाला हात लावणार.

माणूस वाईट नाही. पण दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात, आणि हे न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पितात. पंपावरचा पोरगा म्हणतो, "काका, शून्य बघून घ्या." ह्यांच्या मनात लगेच, हा मला शून्य एवढं आग्रहाने का दाखवतोय? म्हणजे गोम दुसरीकडेच आहे. शेजाऱ्याने विचारलं, गाडी ॲव्हरेज किती देते, की हे मुद्दाम कमी सांगणार. चांगली देते म्हटलं तर उद्या मागायला येईल.

गाडी तशी साधीच. काळी, लाल पट्ट्याची, पहिल्या किकला सुरू होणारी. सकाळी कामावर निघणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या बुडाखाली असते तसली. रोज सकाळी मी मागे बसायचे, हे मला दवाखान्याच्या फाटकाशी सोडायचे आणि पुढे कारखान्यात जायचे. मी दवाखान्यात चादरी-अभ्रे धुवायच्या विभागात आहे. ह्यांच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनतात, आणि तिथे ह्यांना सगळे कानसाहेब म्हणतात. कारण ह्यांचं कामच ऐकायचं. तयार झालेली मोटर चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडावर दाबायची आणि सांगायचं, बेअरिंग ठीक आहे की खरखरतंय. ह्यांनी मान हलवली की मोटर खोक्यात, नाहीतर परत. इतक्या वर्षांत ह्यांनी पास केलेली मोटर कधी परत आली नाही, असं तिथले लोकच सांगतात.

तर अशा माणसाने एके दिवशी मला सांगितलं, "गाडीचा आवाज बदललाय."

मी म्हटलं, "मला तर तसाच वाटतो."

"तुला काय कळतंय त्यातलं? आधी टाइमिंग चेनची टिकटिक यायची. गेली. हॉर्नसुद्धा मेल्यासारखा वाजतो. मिस्त्रीने आतून काहीतरी बदललंय."

मिस्त्री म्हणजे ह्यांचा एकुलता एक मित्र. तरुणपणी दोघे एकाच वर्कशॉपात काम शिकले, एका डब्यात जेवले. पुढे त्याने नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. आमची लेक जन्मली तेव्हा पावसात मला दवाखान्यात नेणारा तोच होता. त्याच्याकडे गाडी टाकतानाही ठिपके असायचे, पण ते सगळ्या जगावर संशय घ्यायच्या सवयीने. चोर तर त्याला ह्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

आता म्हणायला लागले. ठिपके तपासले, चारही जागच्या जागी. दुसऱ्या कुणाचा संशय तिथे संपला असता. ह्यांचा तिथून सुरू झाला. ठिपके आहेत आणि आवाज मात्र बदललाय, म्हणजे मिस्त्रीने पार्ट बदलून नव्यांवर तसेच ठिपके दिले. तेच, तसलेच लाल. मग त्याला ती नेलपॉलिश मिळाली कुठून?

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. हे कपाटातली बाटली घेऊन आले, उजेडात धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही कमी कशी झाली?"

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली भाजी तशीच खाली ठेवली. इतक्या वर्षांचा संसार, आणि मी परक्या माणसाला बाटली पुरवून स्वतःच्याच घरची गाडी लुटवते! खरं सांगते, त्या रात्री मी लेकीकडे जायची पिशवी भरली होती. आमचं घर मोडायला आलं होतं, आणि तेही एका बोटभर बाटलीपायी.

पिशवी मी परत रिकामी केली, पण मनातली पाल चुकचुकतच राहिली. कारण बदलले होते ते हेच. घरात हळू बोलायचे, जणू कुणी भिंतीला कान लावून बसलंय. मी शेजारणीशी बोलत असले की दाराशी उभे राहायचे आणि विचारायचे, "माझ्याबद्दल काय कुजबुजत होता?" आम्ही आपलं दुधवाल्याबद्दल बोलत असू. आणि गाडीवर तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. मी मागून बोलायचे, दहा वाक्यं, वीस वाक्यं. पुढून हूं नाही की चूं नाही. एक गोष्ट मी मोठ्या धीराने विचारली होती, तोंडावर विचारायची हिंमत नव्हती म्हणूनच पाठीमागून. एकदा विचारली, पुन्हा विचारली. उत्तर नाही. मग मलाही वाटायला लागलं, ह्यांच्या पोटात काहीतरी आहे, आणि आपलं खापर फोडायला ह्यांना मिस्त्री हवाय.

मग ती बस आली. पुलाच्या उतारावर मागून हॉर्न देत देत आली, मी ओरडले, "डावीकडे घ्या, डावीकडे." हे आपले रस्त्याच्या मधून, मालकासारखे. बसने आमचा आरसा नेला आणि माझा गुडघा सोलला. गाडी कडेला लावून हे म्हणाले, "बघितलंस? हॉर्न न देता अंगावर घातली."

मी गुडघ्याला रुमाल बांधला आणि पुन्हा मागे बसले. पण त्या क्षणापासून मला गाडीवर बसायची भीती वाटायला लागली, आणि ती बसची नव्हती.

आरसा बसवायच्या निमित्ताने रविवारी सकाळी हे गॅरेजवर गेले. मीही गेले, म्हटलं आज जो काही सोक्षमोक्ष व्हायचा तो माझ्यासमोर होऊ दे. मिस्त्री चिंध्यांनी हात पुसत पुढे आला, आणि ह्यांनी त्याच हळू आवाजात सगळं सुनावलं. इंजिनातला पार्ट, हॉर्न, ठिपके. शेवटी बाटलीही.

मिस्त्री माझ्याकडे वळला. "वहिनी, हा काय बोलतोय?"

मी मान खाली घातली. लाजेने नाही, रागाने.

त्याने गाडी स्टँडवर घेतली, किक मारली आणि फळीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर ह्यांच्या हातात दिला. "माझ्यावर विश्वास नाही, वहिनींवर नाही. स्वतःच्या कानावर आहे ना? कारखान्यात ऐकतोस तसं ऐक आणि सांग, इंजिन तुझं की दुसऱ्या कुणाचं. दुसऱ्याचं निघालं तर गॅरेजची किल्ली ठेव तुझ्याकडे."

ह्यांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानापुढे दाबली. डोळे मिटले. मी पाहतच होते, चेहरा आधी खुलला. नुसता खुलला नाही, हरवलेलं माणूस दारात दिसावं तसा झाला. टिकटिक होती. तिथेच होती.

मग ह्यांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला केला. चेहरा पडला. पुन्हा टेकवला. पुन्हा काढला. लावला की आहे, काढला की नाही. मिस्त्रीला वाटलं हा आता काहीतरी नवीन कुरापत काढणार. पण हे अगदी हळू म्हणाले, "हॉर्न वाजव."

त्याने वाजवला. मी दचकले, समोरच्या टपरीवरच्या दोघांनी वळून बघितलं. हे मिस्त्रीच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"वाजवलास?"

मिस्त्रीने इंजिन बंद केलं, ह्यांच्या खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसला. चोर सापडला होता. त्याला पकडून द्यायचं कुणाला?

आमच्याच दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. दोन्ही कानांच्या आतलं एकेक बारीक हाड आखडलं होतं. हवेतून येणारा आवाज अडायचा, पण डोक्याच्या हाडावाटे येणारा नीट पोचायचा. म्हणून स्क्रूड्रायव्हरने मोटर ऐकताना आपल्याला कमी ऐकू येतंय हे ह्यांना कळलंच नाही, आणि कारखान्याच्या गोंगाटात सगळेच ओरडून बोलतात. अशा माणसाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. कानाचं मशीन देऊ म्हणाल्या. ह्यांनी विचारलं, "मशीन सील फोडून माझ्यासमोर द्याल ना?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असेच आहेत ते.

त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी मला खुर्चीत बसवलं. स्वतः समोर स्टूल घेतलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक रुमालात गुंडाळलं, माझ्या हनुवटीला टेकवलं आणि मूठ आपल्या कानापुढे दाबली.

"बोल."

"काय बोलू?"

"मागे बसून बोलायचीस ते. पाठीला कळायचं, तू काहीतरी बोलतेस. मला वाटायचं शिव्या देतेस."

"त्याही दिल्या," मी म्हटलं. मग तीच गोष्ट पुन्हा बोलले. "मला गाडी शिकवाल का, असं विचारत होते. किती वेळा विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, मला वाटलं बाईमाणसाच्या हातात द्यायची नाही तुम्हाला."

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग उठले, खुंटीवरची चावी काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. माफी वगैरे काही मागितली नाही. मिस्त्रीकडे मात्र दुसऱ्याच दिवशी गेले आणि रॉकेलच्या चिंधीने स्वतः ठिपके पुसायला बसले. त्यानेच हात धरला. म्हणाला, राहू दे रे, गाडी नटलेली बरी दिसते.

आता पुढे मी असते. लायसन्स काढलं. हे मागे बसतात, आणि क्लच अर्धा दाबून धरला की वासाने ओळखून खांद्यावर टिचकी मारतात. मशीन हेल्मेटमध्ये शीळ घालतं, म्हणून रस्त्यावर ते काढून खिशात ठेवतात.

परवा चढावर हे मागून काहीतरी म्हणाले. त्या हळू आवाजात मला शब्द लागला नाही. मी गाडी कडेला घेतली, मान वळवली आणि खुणेने विचारलं, काय?

"काही नाही. इंजिनाचा आवाज बरोबर आहे ना, तेवढं सांग."

मी कान देऊन ऐकलं. टिकटिक होती. मी मान हलवली.

हे खाली उतरले नाहीत. वाकून बघितलं नाही, हातही लावला नाही. नुसतं म्हणाले, "मग चल."