कोरसकाकूंनी मान डोलावली नाही

इमारतीत त्यांना सगळे कोरसकाकू म्हणत. हे नाव त्यांच्या नवऱ्यानेच चालवलेलं. नवं बिऱ्हाड आलं की काका त्यांना जिन्यातच गाठायचे आणि सांगायचे, "आमच्या हिने रेकॉर्डिंगला गायलंय बरं का. मोठमोठ्या गाण्यांच्या मागे." समोरच्याने भिडेखातर "कोणत्या हो?" असं विचारलं की संपलंच. काका एकेक गाणं मोजायला लागत आणि काकू आतून ओरडत, "अहो, त्यांच्या हातात सामान आहे. वर जाऊ द्या त्यांना!"

काकू कोरसला लागल्या त्याही अपघातानेच. थोरल्या बहिणीला स्टुडिओतून बोलावणं आलं होतं, या नुसत्या सोबतीला गेल्या होत्या. बहिणीचा घसा त्या दिवशी बसला. वाद्यवृंद बसवणाऱ्या गृहस्थांनी हिच्याकडे बोट केलं, "ही उंच मुलगी गाते का?" गाते म्हटल्यावर तिला तिसऱ्या ओळीत उभं केलं. पुढच्या वेळी बोलावणं आलं ते धाकटीलाच. थोरलीने पुढे कितीतरी महिने अबोला धरला.

तिसरी ओळ म्हणजे उंच बायकांची. एका माइकभोवती सगळ्याजणी दाटीवाटीने उभ्या राहायच्या, आणि तिथला पहिला नियम असा की कुणाचाच आवाज वेगळा निघता कामा नये. एखादीचा निघाला की काचेपलीकडून हात वर व्हायचा, वादक वाद्यं खाली ठेवायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. काकू त्यात इतक्या तयार झाल्या की भर कोरसमध्ये त्या गातायत की नुसतेच ओठ हलवतायत, हे शेजारणीलाही कळायचं नाही. स्वतःला लपवून गाणं हीच त्यांची कला होती.

स्टुडिओच्या शेजारी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काका तिथे कामाला. रोज संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून विचारायचे, "आज कुठलं झालं?" वर्षभर हेच विचारल्यावर एके दिवशी दुसरं काहीतरी विचारलं, आणि लग्न झालं. लग्नानंतर रेडिओवर काकूंनी गायलेलं एखादं गाणं लागलं, कोरस सुरू झाला, की काका बोट वर करायचे. "ही तू! ही बघ, ही तू!" काकू हसून पोळपाटावरची पोळी फिरवायच्या.

मग असं यंत्र आलं की एक पट्टी दाबली की बायकांचा अख्खा थवा "आ" करायचा. बोलावणी कमी झाली, मग थांबलीच. काकूंनी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारायची नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत केली. तिथेही त्या सुरातच पुकारायच्या म्हणे. दाढ ठणकत असलेली माणसंसुद्धा मान वर करून बघायची.

निवृत्तीनंतर काकांना आपलं माहेर सापडलं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी श्रोता मंडळ भरायचं. अध्यक्ष होते एक निवृत्त हेडमास्तर. माणूस सज्जन, अभ्यासू, गाण्यावर जीव टाकणारा. ते एखादं जुनं गाणं लावायचे, ते कसं घडलं ते सांगायचे, आणि शेवटी चष्मा पुसत म्हणायचे, "आता असं होणे नाही." सगळा हॉल मान डोलवायचा. काकूही डोलवायच्या. तिसऱ्या ओळीची सवय, एकटीने वेगळं काही कशाला करायचं?

अशात वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायला आली. एकटी, केस अर्धे कापलेले, बोलायला गोड. ती घरातच गाणी बनवायची आणि आपली आपणच लोकांपुढे सोडायची. दुपारभर छतातून धपधप यायची आणि तीच एक ओळ पुन्हापुन्हा ऐकू यायची. लोक वैतागले. अध्यक्ष काकांकडे आले आणि म्हणाले, "वहिनींना वर पाठवा. गाणं म्हणजे काय ते त्या पोरीला सांगायचा अधिकार या इमारतीत एकट्या त्यांनाच आहे."

काकांची छाती फुगली. काकू पदर खोचून वर गेल्या.

मुलीने दार उघडलं. आत भिंतींना गाद्या आणि रजया टांगलेल्या, मधोमध एक माइक, टेबलावर संगणक. काकू काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "तुम्ही खालच्या काकू ना? तक्रार असणार. एवढा टेक होऊ द्या, मग वाटेल तेवढं रागवा."

ती माइकपुढे गेली आणि एक ओळ गायली. मग कानाला हेडफोन लावून त्याच ओळीवर तीच ओळ पुन्हा गायली. मग पुन्हा. काकू दाराशीच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मुलीने सगळं एकत्र लावून दाखवलं आणि खोलीभर बायका गायला लागल्या.

कोरसमधल्या सगळ्या जणींचं पोट ज्यावर चालायचं ते ही एकटी पोर गादीआड उभी राहून करत होती. काकूंना तिथून निघून जावंसं वाटलं. पण कान निघू देईनात. गाणं चांगलं होतं. साधं, एका बाईने आपल्या रिकाम्या घराशी मोठमोठ्याने भांडावं तसं. चाल अशा जागी वळायची की काकूंना पुढचा सूर आधी कळायचा नाही, आणि आला की वाटायचं, दुसरा कुठला येणार होता?

"छान आहे," काकू म्हणाल्या. "पण कोरस खोटा वाटतो."

"का?"

"तुझ्या सगळ्या बायका एकदम श्वास घेतात. आमच्यात एकीचा श्वास संपला की दुसरी ओळ धरून ठेवायची. म्हणून तर भिंतीसारखा उभा राहायचा कोरस."

मुलीने त्यांच्याकडे नीट बघितलं, एक खुर्ची ओढून माइकजवळ ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही धरा ना मग."

तक्रार राहूनच गेली. काकू खाली आल्या त्या चहाची वेळ टळल्यावर, आणि काकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सांगितलं तिला. उद्या पुन्हा जायचंय."

त्या रोजच जायला लागल्या. मुलीने एक दिवस कोरस बाजूला ठेवला आणि एक अख्खा अंतरा काकूंच्या एकट्या आवाजात घेतला. काकू आधी नाहीच म्हणत होत्या. इतकी वर्षं जो आवाज आत दाबला तो बाहेर काढायचा म्हणजे घरात लपवून ठेवलेलं माणूस भर रस्त्यात आणून उभं करण्यासारखंच. वरच्या सुराला आवाज फाटला. मुलगी म्हणाली, "हे मी संगणकावर सरळ करू शकते."

"हात लावलास तर बघ," काकू म्हणाल्या, आणि आपणच दचकल्या.

मंडळाचा वाढदिवस आला तेव्हा अध्यक्षांनी काकूंचा सत्कार ठरवला. हॉल गच्च भरला. काकांनी ठेवणीतला कोट घातला. फुलं देऊन झाली, आणि अध्यक्ष म्हणाले, "ज्यांनी तो काळ घडताना पाहिला त्यांच्याच तोंडून ऐकू या. त्या संगीतापुढे आजचा गोंगाट कुठे उभा राहतो?"

सगळ्यांच्या माना डोलायला तयारच होत्या. काकू उठल्या.

"मी तिथे होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जी गाणी लावता त्यातल्या काहींत मी आहे. ती सुंदर आहेत, त्यात वादच नाही. पण बाकीच्यांचं काय झालं? एकदा आम्ही सगळ्या जणी दिवसभर नुसतं 'टुणुक टुणुक' म्हणत उभ्या होतो. का, तर पडद्यावर हिरो सायकलवरून पडत होता. चोरलेल्या चाली होत्या. शब्द असे होते की गाताना आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही, हसू फुटेल म्हणून. ती गाणी तुम्ही कधी लावत नाही."

एक-दोघं हसले. अध्यक्षांनीही हसून घेतलं.

"चांगलं होतं ते राहिलं, बाकीचं वाहून गेलं. आता तुम्ही तेव्हाचे निवडलेले तांदूळ घेता, आजचे बिननिवडलेले घेता, शेजारी शेजारी ठेवता आणि म्हणता, बघा यांत खडेच खडे! अहो, निवडायला बसा की. आम्हाला कुणी निवडून दिले होते का?"

आता कुणी हसलं नाही.

"वहिनी," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तेव्हा एवढे वादक एकत्र बसून, श्वासाला श्वास लावून एक गाणं करायचे. आज एक माणूस खोलीत बसून बटणं दाबतो. हा फरक तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतो ना. ती गर्दी मला रोज आठवते. तशी गर्दी पुन्हा मिळाली तर चालत जाईन. पण ती गर्दी चांगली होती म्हणून आज खोलीत एकटी बसलेली पोर वाईट गाते, असं मी म्हणणार नाही. मला म्हणायला सांगू नका."

"म्हणजे आजचं त्या तोडीचं आहे?"

"आहे. सगळं नाही. तेव्हाही सगळं नव्हतं. ऐका."

आणि काकूंनी वरच्या मुलीचं गाणं म्हटलं. साथ नाही, माइक नाही. पहिली ओळ बरी गेली. वरच्या सुराला आवाज फाटला, आणि तो वरच्या खोलीत फाटला होता तसा गोडही वाटला नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं. काकू थांबल्या नाहीत. अंतरा पुरा केला, मुखड्यावर परत आल्या, आणि मगच बसल्या. टाळ्या पडल्या त्या दोन-चार, चुकार. काका बुटांच्या टोकांकडे बघत होते.

घरी आल्यावर कोट खुर्चीवर टाकत ते म्हणाले, "चारचौघांत नाक कापलंस माझं. तुझाच काळ, आणि तूच त्याला नावं ठेवतेस?"

"माझा कसला काळ? मी त्यात दिसायचे नाही, एवढंच माझं काम होतं."

"मला दिसायचीस! मी ओळखायचो तुझा आवाज. रेडिओवर—"

"नाही ओळखायचात," काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण मागेही हटला नाही. "ओळखता आला असता तर मला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं असतं. तुम्ही बोट करायचात ती मी नव्हे. कुणीच नव्हे ते. तुम्हाला ती वीस-बावीस वर्षांची मुलगी हवी आहे, पायरीवर भेटायची ती. मी इथे आहे, तुमच्यासमोर, भाजी चिरतेय. आणि मला आज गायचंय."

काकांनी कोट उचलून कपाटात टांगला. पुढे कितीतरी दिवस ते मीठ-पाण्यापुरतंच बोलले. काकू मात्र रोज वर जात राहिल्या, आणि जाताना दार जरा जोरातच ओढून घेत.

काकांना शेवटी वर नेलं ते गाण्याने नव्हे. छतातून एक बारीक घूं घूं यायची, मुलीच्या स्पीकरमधून. साऱ्या जन्मात दुसऱ्याच्या यंत्रातली घरघर त्यांनी सहन केली नव्हती. एका दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन ते वरच्या दारात उभे राहिले. मुलीच्या मागे काकूही होत्या.

"मी गाणं ऐकायला आलेलो नाही," काका म्हणाले. "कुठेतरी तार सुटली आहे. ती लावून जातो."

तार लावली. घरघर थांबली. आता तपासायला काहीतरी वाजवायला हवं होतं. मुलीने आधी स्पीकरवर जरासं वाजवून बघितलं, मग काकांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि तेच गाणं लावलं. काका जमिनीवर मांडी घालून, हातात तारेला डाग द्यायचं हत्यार तसंच धरून ऐकत राहिले. काकू खिडकीशी उभ्या राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. मधेच काकांनी डोळे मिटले. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला, हत्यारं पिशवीत भरली.

"चाल मला आवडली नाही," ते म्हणाले. "ताल डोक्यात बसतो. शब्दही काही धड कळले नाहीत."

"बरं," काकू म्हणाल्या.

"मधे तू एकटी आहेस."

"हो."

"आवाज फाटलाय तुझा."

"फाटलाय. मग?"

काकांनी बराच वेळ पिशवीची चेन ओढली. "मग काही नाही," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं, तू अशी गातेस."

जिना उतरताना त्यांनी काकूंचा दंड धरला. गुडघ्यांमुळे, असं त्यांनीच सांगितलं.

गाण्याने काही जग हललं नाही. थोड्या लोकांनी ऐकलं, काहींना फार आवडलं, काहींनी म्हातारीला कशाला घेतलं असं विचारलं. मुलगी पुढच्या गाण्याला लागली आणि काकूही.

मंडळात आपल्याला आता कुणी बोलावणार नाही हे काकूंना ठाऊक होतं. म्हणून त्या न बोलावताच गेल्या, आणि तिसऱ्या रांगेत न बसता अध्यक्षांच्या समोरच बसल्या. काका शेजारी. दोन जुनी गाणी झाली. दोन्हींना काकूंनी मनापासून दाद दिली. एकाला तर डोळे पुसले. मग अध्यक्षांनी चष्मा काढला आणि "आता असं..." म्हणून सुरुवात केली तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"यंदाचं एक गाणं आणलंय," त्या म्हणाल्या. "माझं नाही. कुणा दुसऱ्या मुलाचं आहे. ऐकायचं आणि मग नावं ठेवायची. न ऐकता नाही."

"वहिनी, मंडळाचे काही नियम आहेत."

"असतील. बदला."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी खुर्ची मागे सरकवली, कुणी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी काकांकडे बघितलं, निदान तुम्ही तरी आवरा, अशा नजरेने.

"मला विचारू नका," काका म्हणाले. "मला आजची गाणी बिलकुल आवडत नाहीत. पण स्पीकरची तार कुठे लावायची तेवढं सांगा, लावून देतो."