निळा बर्फ

सिंगापूरला येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत मला कोणी चित्र काढायला सांगितलं नव्हतं. पुण्यात मी चित्रकलेची शिक्षिका होते. इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली बायको. त्यामुळे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नव्याने निघालेल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर निरोप आला, की यंदा गणपतीमागे हिमालयाचा पडदा तुम्ही रंगवा, तेव्हा सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चक्क रडले. मनाशी ठरवलं, हा जमला तर मी अजून चित्रकार आहे. नाही जमला, तर कपाटातले ब्रश उगाच जागा अडवून बसलेत.

अडचण एवढीच, की मी डोंगरावरचा बर्फ कधी बघितलाच नव्हता. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, रंगीत पाक घालून किसलेला बर्फ मिळतो. तिथल्या अंकलकडे मी नुसता बर्फ मागितला, वर काही नको म्हटलं. बाई कामातून गेली, असं बघितलं त्याने माझ्याकडे. तो वाडगा खिडकीत ठेवायचा आणि वितळायच्या आत सावलीचा रंग पकडायचा, हाच उद्योग आठवडाभर चालला. बर्फ पांढरा नसतोच हो. सावलीत तो निळा, जरासा जांभळा, कडेला कुठेतरी राखाडी.

पडदा मंडळाच्या हॉलमध्ये लावला, त्या दिवशी एक तरुणी त्याच्यासमोर थबकली. नॉर्वेत शिकून इथल्या विद्यापीठात संशोधनाला आली होती. "ताई, तिथे संध्याकाळी बर्फ अस्साच दिसायचा," म्हणाली. मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. एकटीने काढलेल्या तिथल्या हिवाळ्यांबद्दल ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. इतकं बरं मला या शहरात कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मोदकांचा डबा घेऊन हॉलमध्ये पोचले, तर डोंगर पांढराफेक. शिखरापासून पायथ्यापर्यंत कापूस. आणि स्टुलावर चढून शेवटचा पुंजका चिकटवत होता तो माझाच नवरा. खाली उभी आमची लेक इथल्या पोरांच्या बोलीत त्याला म्हणत होती, "नाऊ लुक्स रिअल, लाह."

आरती तोंडावर आलेली. सणासुदीला तमाशा कोण करणार? लोकांनी फोटो काढले. "वहिनी, काय कला आहे हो तुमच्या हातात," म्हणाले. मी हसून मान डोलावली. ती तरुणीही आली. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, प्रसाद घेतला आणि गेली. तिला थांबवून सांगणार तरी काय होते मी?

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मी नवऱ्याला विचारलं, का केलंस असं?

त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "अगं, मंडळातले हसत होते. वहिनींनी बर्फ निळा काढलाय म्हणे. तुला कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणून सकाळीच कापूस घेऊन गेलो. लाज राखली तुझी."

तो खोटं बोलत नव्हता. प्रेमानेच केलं होतं त्याने, आणि त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही. बारा वर्षं माझ्याबरोबर राहून त्याला एकदाही असं वाटलं नाही, की तो निळा मी मुद्दाम लावला असेल.