पनवेलला निघालेला हायपरबोला

आम्ही पनवेलला राहायला गेलो, त्याला बारावीचं गणित जबाबदार आहे.

घरमालकाने महिनाअखेर घर रिकामं मागितलं होतं. आईची शाळा नेरूळला, पप्पांची फॅक्टरी तुर्भ्याला. नवं घर कुठे घ्यायचं यावरून रोज जुंपायची.

"तुमच्याकडे स्कूटर आहे. तुम्ही माझ्यापेक्षा तीन किलोमीटर जास्त जा!"

"एक! त्याच्यावर एक इंचही नाही!"

शेवटी दोनवर तह झाला. दोन म्हणजे बरोब्बर दोन. (आमच्याकडे तह मोडला की आठवडाभर आमटीला मीठ नसतं.) पण असं घर नेमकं कुठे, यावरून पुन्हा जुंपली.

मी कोपऱ्यात हायपरबोला घेऊन बसले होते. वर्गात सरांनी "समजलं?" विचारल्यावर मी मान डोलावली होती, "नाही" म्हणायला तोंड उघडावं लागतं! आता व्याख्या पुन्हा वाचली: दोन ठरलेल्या बिंदूंपासूनच्या अंतरांतला फरक कायम ठेवणारी वक्ररेषा. अय्या! हे तर आई-पप्पांचं भांडण!

"अशी जागा मी काढून देऊ?" मी पुटपुटले. भांडण थांबलं. दोघंही चक्क माझ्याकडे बघत होते!

नकाशा पलंगावर पसरला. तुर्भे आणि नेरूळ हे दोन बिंदू, त्यांना जोडणारी रेषा x-अक्ष, मधोमध शून्य. फरक दोन, म्हणून a एक. दोन गावांतल्या अंतरावरून b काढला आणि मांडलं: x²/a² − y²/b² = 1. पहिल्यांदाच ते समीकरण माझ्याशी मराठीत बोललं!

"दोन रेषा कशा गं आल्या?" आईने विचारलं.

"तुर्भ्याकडच्या रेषेवर घर घेतलं तर तुला जास्त जावं लागेल."

"खोड ती!"

उरलेली रेषा एका बाजूने खाडीत बुडाली, दुसऱ्या बाजूने थेट पनवेलला पोचली. वाटेतली घरं परवडेनात. पनवेलचं परवडत होतं.

"फार लांब आहे," पप्पा कुरकुरले.

"पण फरक?" आई कडाडली.

मी पट्टी लावली. "दोनच."

"मग झालं तर!"

(फरक सारखा ठेवून हायपरबोला कितीही लांब जातो, हे मला माहीत होतं. पण कुणी विचारलं नाही, आणि आपणहून बोलायची मला सवय नाही.)

सामान हललं. पप्पा नव्या शेजाऱ्यांना सांगू लागले, "घर आमच्या पोरीने गणिताने काढलंय!" मीही लाजत लाजत कौतुक करून घेतलं.

सोमवारी उजाडायच्या आत बसस्टॉपवर उभी राहिले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझं कॉलेज वाशीला, म्हणजे तिघांत सगळ्यात लांब. नकाशावर त्याचा साधा ठिपकाही द्यायला गणितज्ञ बाई विसरल्या होत्या!