पाव शेर दूध

दुभत्या जनावराचं खरं दूध आमच्याकडं कोणी परक्याला सांगत नसे. दृष्ट लागते. दोन शेर देणारीचं अर्धा शेर सांगायचं आणि वर तोंड वाकडं करायचं, ही रीत.

निजामाचं राज्य होतं. मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होतो. शेळ्यांची जात सुधारायला हैदराबादहून एक साहेब आले आणि प्रयोगासाठी तामलवाडी, म्हणजे माझंच गाव, ठरलं. सगळ्यांत दुभत्या शेळीचा बोकड पैदाशीला ठेवायचा, गावातले बाकीचे खच्ची करायचे. कल्पना चोख होती. फक्त दूध मोजायला साहेबांना सवड नव्हती. त्यांनी घरोघर विचारायचं आणि मी वहीत लिहायचं. कशासाठी विचारतोय ते मात्र सांगायचं नाही, नाहीतर लोक वाढवून सांगतील म्हणे. एवढीच त्यांना आमची ओळख.

आमची काळी शेळी दीड शेर देई. गावात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. तिचा बोकड आईनं जिवापाड जपला होता. साहेबांनी दारात विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "कुठलं दूध साहेब, पाव शेर निघतंय कसंबसं."

मी पाव शेर लिहिलं. चारचौघांत आईला खोटं कसं पाडायचं, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे दवाखान्याचा पगार खाऊनही मला दृष्टीची धास्ती होती.

साहेबांचा मुक्काम गावच्या बड्या जमीनदाराकडं होता. त्याला आतली गोष्ट कळली असणारच. त्यानं बेधडक दोन शेर सांगितलं आणि त्याचा मरतुकडा बोकड निवडला गेला.

आठवड्यानं साहेब खच्ची करायचा चिमटा घेऊन आमच्या अंगणात आले. चिमटा चालवायचा मीच. तो पाहून आईला सगळं उमगलं.

"दीड शेर देती, साहेब. म्या खोटं सांगितलं."

साहेब हसले. बोकड वाचवायला आता सगळे असंच म्हणतात, म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "घर तुमचंच ना? खरं काय ते तुम्ही सांगा."

खोटी नोंद केली म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. "वहीत आहे तेच खरं," मी म्हणालो.

आईनंच बोकडाचे पाय धरले. मी चिमटा दाबला. तसा बोकड पुन्हा गावात झाला नाही.

साहेब गेल्यावर आई म्हणाली, "म्या परक्याला खोटं सांगितलं. तू तर माझ्यादेखत मला खोटं पाडलंस."