वल्ह्याचं एक टोक

माझे बाबा कोर्टात कारकून होते आणि घरी आले तरी कोर्टातच असायचे. दूध पातळ आलं की गवळ्याची उलटतपासणी, मी उशिरा आले की माझी. त्यामुळे अकरावीत असताना त्यांनी माझ्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात लपवलेली जादूची कादंबरी पकडली, तेव्हा आता आपलं काही खरं नाही असंच मला वाटलं. त्यांनी ती जप्त केली. तीन दिवस एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "राणीने रक्त सांडणार नाही म्हणून शपथ घेतलीन ना? मग नव्व्याण्णव पानावर पहारेकरी मेला कसा?"

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन वाचक झाले. आई म्हणायची, एकीला आवरायला गेले आणि स्वतःच वाहवले.

कादंबरी पाच भागांची होती, काळ्या नदीपलीकडच्या एका राज्याची. वर्षा-दीड वर्षाने नवा भाग यायचा. वाचनालयात प्रत एकच. नंबर लावायचा आणि सात दिवसांत परत करायची. रत्नागिरीत तिच्यापायी वेडी झालेली माणसं मोजकीच होती: एसटीतले एक कंडक्टर, त्या राज्याचा नकाशा काढून सतत खाडाखोड करणारे भूगोलाचे एक मास्तर, मी आणि नंतर बाबा. शनिवारी संध्याकाळी आम्ही मांडवीच्या जेटीवर बसायचो आणि भांडायचो. दगडाला वाचा फुटते तर त्याला भूक का लागत नाही, यावर मास्तर आणि बाबा दोन शनिवार भांडले. शेंगदाणेवालासुद्धा आम्हाला हसायचा. हसू दे. एकमेकांची घरं, जात, पगार न विचारता माणसं इतकी जिवाभावाची होतात, हे मी तिथे पाहिलं.

बाबांनी एक फुलस्केप वही घातली होती. कोणाला कोणता वर मिळाला, कोणता शाप, त्याची अट काय, भाग कितवा, पान कितवं, सगळं त्यांच्या कोर्टी अक्षरात. मी चेष्टा केली की म्हणायचे, "नियम नसला तर ती थाप हो. नियम असला की ती गोष्ट."

त्या वहीत नावाड्याचं स्वतंत्र पान होतं. काळ्या नदीवर माणसं पार करणारा हा म्हातारा बाबांचा सर्वांत लाडका. लहानपणी बाबा जयगडच्या खाडीतून तरीच्या होडीने शाळेत जायचे. उशीर झाला तर तरीवाला त्यांच्यासाठी थांबायचा आणि बाकीच्यांच्या शिव्या खायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. वहीत लिहिलं होतं: 'नावाडी. वल्हं दुसऱ्याच्या हाती दिल्यास पाण्यात विरून जाईल. भाग दोन, पान एकशे बारा.'

पाचवा, शेवटचा भाग आला आणि त्याच आठवड्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पहिला नंबर आमचा होता. आई म्हणाली, सोडा तो नंबर. बाबा म्हणाले, "नंबर सोडायचा नाही. ही वाचील, मी ऐकेन."

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी मला आणि आईला बाहेर बोलावून बजावलं: हलायचं नाही, खोकायचं नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. डोळ्यात पाणी येता कामा नये, टाके नाजूक आहेत. आईला हसूच आलं. म्हणाली, "हे आणि रडतायत!"

मी दुपारी वाचायची. बाबा स्वस्थ पडून ऐकायचे, मध्येच बोट वर करून एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावायचे. पाचव्या दुपारी राजकन्या काळ्या नदीत अडकली. नाव बुडायला आली होती. मी वाचत होते, "नावाड्याने तिच्याकडे पाहिलं आणि वल्हं तिच्या हाती दिलं."

बाबांचं बोट वर आलं. "दिलंन?"

"हो."

तेव्हा माझी नजर पुढच्या ओळींवर गेली. म्हातारा हसतो, आधी त्याचे पाय विरतात, मग हात, आणि शेवटी नावेत फक्त त्याचं मुंडासं उरतं. मी पट्टीकडे पाहिलं. बाबांची हनुवटी किंचित हलत होती. मी घाबरले. ह्या माणसाचा डोळा माझ्या तोंडातल्या पुढच्या वाक्यावर अवलंबून आहे, असं मला वाटलं.

"पण," मी वाचू लागले, आणि पुस्तकात असं काहीच नव्हतं, "वल्ह्याचं एक टोक त्याने आपल्या मुठीत धरून ठेवलं होतं. दोघांनी मिळून नाव पैलतीराला लावली."

बाबांचं बोट पुन्हा वर आलं.

"एक टोक त्याच्या हातात होतं?"

"हो."

"असं लिहिलंय?"

"हो, बाबा."

"बरं. पुढे वाच."

पुढची चाळीस पानं मी म्हाताऱ्याला कुठे ना कुठे बसवत वाचली. नावेत, काठावर, राजकन्येच्या लग्नातसुद्धा. आयुष्यात एवढी मेहनत मी कुठल्याच परीक्षेसाठी केली नाही.

पुस्तक परत केलं. पुढचा नंबर कंडक्टरांचा. दोन दिवसांत वाचून संपवलं आणि केळी घेऊन ते घरी हजर झाले. बाबा घरी आले होते, पण डोळ्यावर अजून पट्टी होती. कंडक्टर उंबऱ्यातूनच गहिवरून म्हणाले, "भाऊसाहेब, आपला नावाडी..."

मी बाबांच्या मागे उभी राहून दोन्ही हात हलवले. ते थबकले. "...बेस हाय," म्हणाले.

"एक टोक धरून ठेवलंन ना?" बाबांनी विचारलं.

कंडक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "व्हय, व्हय. घट्ट!"

चहालासुद्धा थांबले नाहीत बिचारे. फाटकाशी मला म्हणाले, "बाय, बावीस वर्सं तिकिटं फाडतोय, पन असं खोटं कदी बोललो नाय."

दीड महिन्याने बाबांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. पहिल्याच शनिवारी ते वाचनालयात गेले आणि पाचवा भाग घेऊन आले. आता उलटतपासणी होणार, आणि मी खोटं बोलले ते त्यांच्या सगळ्यांत लाडक्या माणसाबद्दल. ते चार दिवस पडवीत बसून वाचत होते. मी पडवीतून जाणंच टाळलं.

पाचव्या दिवशी हाक आली. पुस्तक मिटलेलं होतं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. नावाड्याच्या पानावर, ऑपरेशननंतरच्या थोड्या मोठ्या, हलत्या अक्षरात लिहिलं होतं:

'दोन जबान्या उपलब्ध. एक छापील. दुसरी मुलीची, समक्ष ऐकली. वल्ह्याचं एक टोक सोडलं नव्हतं, सबब नियमभंग नाही. दुसरी जबानी ग्राह्य. नावाडी जिवंत.'

शिक्का नसलेला कागद ज्यांनी जन्मात कधी स्वीकारला नाही, ते माझे बाबा. मला शरम वाटली आणि त्यांच्याविषयी प्रेम दाटून आलं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"'दिलं' म्हणालीस तेव्हाच. नियम मीच लिहून ठेवलेला ना!"

मी मान वर केली. चष्मा कपाळावर सरकवलेला होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"बाबा, डोळे!" मी ओरडलेच.

"आता चालतं गो," ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारून घेतलंय मी."