उसवण्याचे पैसे

माझ्या धाकट्या दिरांच्या घरी तेव्हा कोणी पाहुणा आला, की आधी खुर्चीवरचे बिस्किटांचे डबे उचलावे लागत, मग तो बसे. कपाटावर मधाच्या बाटल्या, दाराआड छत्र्या, आणि खिडकीत पोपटाचा एक रिकामा पिंजरा. पिंजरा देणाऱ्या गृहस्थांनी पोपटही आणून देतो म्हणून सांगितले होते, ते कसेबसे टाळले. ही सगळी भाऊजींची कमाई.

भाऊजी एका विमा कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायला होते. कचेरी दुसऱ्या शहरात हलली आणि निवृत्तीला काही वर्षे असतानाच ते घरी बसले. आमची दारे समोरासमोर, त्यामुळे पुढचे सगळे मला दिसत होते. आधी मजल्यावरचे, मग इमारतीतले, मग गल्लीतले लोक आपापले बिघडलेले कॉम्प्युटर काखोटीला मारून येऊ लागले. भाऊजी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरत, चष्मा कपाळावर चढवत आणि झाकण काढता काढता विचारत, "काय रे बाबा, कुठं दुखतंय?" हे मशीनला. माणसांशी ते फारसे बोलत नसत. काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने चादरीवर मांडत. त्यांच्या मोठ्या भावाची, म्हणजे आमच्या ह्यांची, दाढीचे सामान मांडायची रीत अगदी तशीच होती.

काम झाले की माणूस विचारी, "किती द्यायचे?" भाऊजी म्हणत, "द्या काय द्यायचं ते." मग तो माणूस गोंधळून जाई, एखादी नोट टेबलाच्या कडेला ठेवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी बिस्किटे घेऊन येई.

"मालकांना विचारून बघते, भाडं बिस्किटांत चालेल का," माझी जाऊ म्हणे. "क्रीमची की साधी, तेवढं आधी ठरवून घेऊ."

जाऊ पाळणाघरात कामाला जाई. तिच्या पगारात घर चाले, पण ओढूनताणून. अशात त्यांच्या जावयाचा फोन आला. जावयाचे लांबच्या शहरात मोठे गोदाम आहे. माणूस भला. म्हणाला, "बाबा, गोदामात विश्वासाचं माणूस हवंय. राहायला मागची खोली आहे. महिनाअखेरीपर्यंत जागा तुमच्यासाठी ठेवतो." त्याच्या बोलण्यात वावगे काहीच नव्हते. पण सासऱ्याने पहिल्या तारखेला जावयापुढे हात करायचा, ही गोष्ट भाऊजींच्या घशाखाली उतरेना. त्या आठवड्यात ते मिठाबद्दलसुद्धा बोलले नाहीत, आणि जाऊच्या आमटीत मीठ नेहमीच कमी असते.

जाऊने मात्र सरळ सांगून टाकले. "दुरुस्तीवर भाडं निघणार असेल, तर मी इथून हलत नाही. निघणार नसेल, तर भांडी बांधायला घेते. काय ते महिनाअखेरीच्या आत ठरवा."

म्हणजे आधी दर ठरवायला हवा होता. एका रविवारी आम्ही तिघे टेबलाभोवती बसलो.

"तासावर घ्या," मी म्हटले.

"वहिनी, कालचं काम पाच मिनिटांचं होतं. मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. झाला सुरू. आता खोडरबराचे पैसे मागू?"

"मग दुरुस्त झाला तरच घ्या."

"आणि तीन दिवस डोकं घालून नाहीच झाला तर?"

"तर बिस्किटं," जाऊ म्हणाली.

शेवटी भाऊजींनी एक आकडा पुठ्ठ्यावर लिहिला आणि पुठ्ठा दाराच्या आतल्या बाजूला लावला.

"आतून? वाचणार कोण, तुम्ही?"

"आधी मला तरी पाठ व्हायला हवा ना."

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला त्यांनी तो आकडा सांगितलाही. पण त्या गृहस्थांनी पाकिटाला हात घालताच भाऊजींनाच धीर निघाला नाही. "अर्धेच द्या," ते घाईघाईने म्हणाले, आणि ते अर्धे बाहेर येईपर्यंत, "राहू द्या हो, पुढच्या वेळी बघू." जाऊने पुठ्ठा काढला आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

त्यानंतरची ही सकाळ. मी दारात पायपुसणे झटकत होते. वरच्या मजल्यावरच्या टेलरबाई जिना उतरत होत्या. दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेले जड गाठोडे, आणि आवाज होऊ नये म्हणून पायातल्या चपला काढून त्या गाठोड्यावर ठेवलेल्या. नेमके तेवढ्यात भाऊजींचे दार उघडले.

"अहो, द्या इकडे, जड दिसतंय," म्हणत त्यांनी एक बाजू धरलीसुद्धा. टेलरबाईंना नको म्हणता येईना. दोघे उतरू लागले. मीही मागोमाग गेले. खोटे कशाला सांगू, मला राहवले नाही. खाली थांबलेल्या टॅक्सीत ठेवताना चादर सरकली आणि आतला कॉम्प्युटर दिसला. टॅक्सीवाल्याने कुठे जायचे विचारले, तेव्हा बाईंनी खाली बघत मोठ्या रस्त्यावरचे दुरुस्तीचे दुकान सांगितले.

भाऊजी तसेच उभे राहिले. "माझं काही चुकलं का, बाई? मागच्या वेळी नीट झाला नव्हता?"

"झाला होता हो, छान झाला होता!" टेलरबाई रडकुंडीला आल्या. "पण तुम्ही म्हणता, द्या काय द्यायचं ते. मी दिले, तर घरी गेल्यावर वाटलं, कमीच झाले. म्हणून मध दिला. मग वाटलं, मध कोण खातं ह्यांच्याकडे? आता परत बिघडलाय, तर कोणत्या तोंडानं येऊ? दुकानात भिंतीवर दर लिहिलाय. महाग आहे, पण दिले की मी सुटले."

टॅक्सीवाला म्हणाला, "बसताय, की इथंच खोलताय?"

भाऊजींनी गाठोडे उचलले आणि परत वर आणले. टेबलावर झाकण निघाले. आतल्या पंख्याला लाल, निळे, हिरवे असे सगळ्या रंगांचे दोरे गुंडाळलेले, वर कापडाचा भुसा. भाऊजी चिमट्याने एकेक दोरा ओढून काढत होते आणि टेलरबाई आपल्याच घरचा पसारा लोकांनी बघावा तशा संकोचून बसल्या होत्या. मध्येच भाऊजींनी विचारले, "बाई, तुम्ही तुमचे पैसे कसे ठरवता?"

टेलरबाईंनी दिलेले उत्तर मी त्याच दिवशी रोजनिशीत उतरवून घेतले होते. बोललेले वाक्य सुधारून लिहू नये, असे शाळेत आमच्या सिस्टर सांगत, म्हणून जसेच्या तसे देते.

"त्यात ठरवायचं काय? उसवायला घेतलं की पैसे लागू. कोट घट्ट होतो म्हणून आणला, मी शिवण उसवली, बघते तर आत कापड सोडलेलंच नाही. मग कसा ढिला करू? होता तसा शिवून देते आणि उसवण्याचे पैसे घेते. आत काय आहे ते बघायला मीच बसले ना? आणि कधी एक टाका सोडला की भागतं, तरी पैसे तेवढेच. अस्तर घातलं तर त्याचे वेगळे."

"लोक कुरकुरत नाहीत?"

"कुरकुरतात की. कुरकुरत देतात."

भाऊजींचा चिमटा हवेतच राहिला. "म्हणजे झाकण उघडलं, की."

"झाकण उघडलं, की," टेलरबाई म्हणाल्या.

दर तिथेच ठरला. कोट उसवायला टेलरबाई जेवढे घेतात तेवढेच कॉम्प्युटर उघडायला, बरा होवो न होवो. नवीन भाग घातला तर त्याची किंमत निराळी. टेलरबाईंनी लगेच पैसे भाऊजींच्या हातात कोंबले, चपला पायात घातल्या आणि चांगल्या वाजवत वर गेल्या.

"मागितलेत कुठं?" संध्याकाळी हे ऐकल्यावर जाऊ म्हणाली. "त्यांनी कोंबले. तोंडातून शब्द निघेल तेव्हा खरं."

महिना संपत आला आणि माझा कॉम्प्युटर बंद पडला. मुलीशी बोलायला आणि दुपारी पत्ते खेळायला एवढाच त्याचा मला उपयोग. भाऊजींनी दोन दुपारी त्यात घातल्या, मग मला बोलावून बोर्डावरचे फुगलेले भाग दाखवले. "वहिनी, ह्याचं आता काही होत नाही. नवा घ्या."

मी पाकीट काढले. "किती झाले?"

"काय थट्टा करता!"

"उघडलात ना?"

"उघडला, पण झाला नाही. आणि तुमच्याकडून पैसे घेऊ? शाळेत होतो तेव्हापासून तुमच्या हातचं खाल्लंय मी."

"मग आता मोठे झालात. सांगा."

जाऊ नुकतीच पाळणाघरातून आली होती आणि पिशवी खांद्याला तशीच ठेवून दारात उभी होती. शेवटी मलाच बोलावे लागले. "वहिनीकडून घ्यायची लाज वाटते. जावयाकडून दर महिन्याला नाही वाटणार?"

ते त्यांना लागले. मान खाली घालून ते चादरीवरचे स्क्रू एकेक करून बसवू लागले, एरवीपेक्षा पुष्कळच सावकाश. शेवटचा स्क्रू आवळला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि कॉम्प्युटरकडे बघत आकडा सांगितला. पुरा. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा सांगितला.

मी मुद्दाम मोठी नोट दिली. वाटले, आता म्हणतील राहू द्या. त्यांनी सगळे खिसे चाचपले आणि म्हणाले, "थांबा, वरून टेलरबाईंकडून सुट्टे आणतो."

आम्ही दोघी त्यांची पावले ऐकत होतो. "ताई, बघा हं," जाऊ हळूच म्हणाली, "येताना स्वतःचे अर्धेही तुम्हाला परत घेऊन येतील."

ते आले. परत दिलेले पैसे मी त्यांच्यादेखत मोजले. अगदी बरोबर होते. जाऊने तेव्हा कुठे खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि फोन लावला. "जावईबापू, ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाका. नाही नाही, तब्येत ठीक आहे. कामात आहेत जरा."

फोन ठेवून ती वाकली, टेबलाखालचा पुठ्ठा ओढून काढला आणि कोऱ्या बाजूवर भाऊजींकडून नवा दर लिहून घेतला. पुठ्ठा आता दाराबाहेर आहे आणि भाडे निघते. लोक वाचतात, कुरकुरतात आणि देतात. पुठ्ठा गेल्यावर टेबल पुन्हा डुगडुगू लागले, म्हणून त्याच्या पायाखाली बिस्किटांच्या डब्याचे झाकण ठेवले आहे.