परब. डोळे. फेटा.

एव्हलिन मिस्किटाच्या धंद्यातला पहिला नियम असा, की गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या आजोबांना हात लावायचा नाही. हा नियम तिने केला नाही, गिऱ्हाइकांनी केला. तुमच्या घरातला जुना फोटो द्या, मी त्यावर काम करून देते, असं तिने सुरुवातीला जाहीर केलं होतं. लोक हौसेने फोटो आणून द्यायचे आणि आजोबांच्या पाठीवर फडफडणारी लाल केप बघितली की एकदम गंभीर व्हायचे. मग तेच लोक शेजारच्या चित्रातला केपवाला अनोळखी म्हातारा बघून पोट धरून हसायचे आणि तो विकत घेऊन जायचे. दुसऱ्याचे आजोबा चालतात.

धंदा चालतो अंधेरीला, आंबोली गावठाणातल्या घराच्या पुढच्या खोलीत. एव्हलिन बेचाळीस वर्षांची आहे. त्यातली चौदा वर्षं लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या एका लॅबमध्ये फोटो दुरुस्त करण्यात गेली. नवरीच्या दोन हनुवट्यांची एक करायची, मामांच्या शर्टावरचा घाम पुसायचा, ग्रुप फोटोत कोणाची पापणी मिटली असेल तर पुढच्या-मागच्या फोटोतून त्याचेच उघडे डोळे आणून बसवायचे. या शेवटच्या कामाला लॅबमध्ये नुसतं ‘डोळे’ म्हणत. ‘चार नंबर, डोळे’ अशी चिठ्ठी आली की पुढचं विचारावं लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी आईच्या, म्हणजे एथेलच्या पंच्याहत्तरीला एव्हलिनने तिचा लुगड्यातला जुना फोटो घेतला, तिच्या हातात इलेक्ट्रिक गिटार दिली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि तो आमंत्रणावर छापला. गिटार डाव्या हाताची आहे, एवढीच तक्रार एथेलने केली. आमंत्रण मोबाइलवरून गावभर फिरलं. बोरिवलीहून, मुलुंडहून अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले, की ही आजी पोस्टरवर मिळेल का. सहा महिन्यांनी एव्हलिनने लॅब सोडली.

कच्चा माल बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंतून येतो. जोगेश्वरीचा एक रद्दीवाला तिला खोकी आणून देतो. त्यात कोणी न्यायला न आलेले, खराब म्हणून बाजूला टाकलेले, जास्तीचे काढलेले फोटो असतात. पैलवानाला ती यंत्रमानवाचा हात लावते. नऊवारीतल्या तीन बहिणींना उडत्या तबकडीत बसवते. फोटो काळा-पांढराच राहतो, नवी वस्तू तेवढी भडक रंगात. कापडावरची छपाई घाटकोपरला होते, कागदावरची घरी.

गेल्या वर्षी पारल्याच्या एका जुन्या स्टुडिओचं खोकं आलं. त्यात खुर्चीत बसलेल्या एका माणसाचा फोटो होता. वय तिशीचं, अंगात कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर, मागे चौकड्यांची चादर टांगलेली. डोळे मिटलेले. हनुवटीखालून दोन्ही गालांवरून डोक्यावर एक पांढरी पट्टी बांधलेली. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने तीन शब्द होते: ‘परब. डोळे. फेटा.’

एव्हलिनला अर्थ लगेच लागला. परब नावाच्या गिऱ्हाइकाची दाढ दुखत होती. नेमकी पापणी मिटली म्हणून फोटो बाद झाला, आणि दुसऱ्या वेळी पट्टी झाकायला त्याने फेटा घातला. चौदा वर्षांच्या अनुभवाने लावलेला अर्थ होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. शिवाय ती पट्टी जिथून गेली होती, नेमका तिथूनच हेडफोन जातो. वीस मिनिटांत तिने पट्टीच्या जागी नारिंगी हेडफोन बसवला. मान किंचित कललेली, ओठ सैल, चेहऱ्यावर गाण्यात बुडालेल्या माणसाची शांतता. तिने चित्राला नाव दिलं ‘रविवार’.

‘रविवार’ बाकी सगळ्यांना मागे टाकून गेलं. पोस्टर, कार्डं, मग कुशनची कव्हरं. या सप्टेंबरात हर्षद नावाच्या तरुणाने ते एका प्रदर्शनात पाहिलं. गोरेगाव पूर्वेला स्टुडिओंच्या रस्त्यावर तो कॉफीचं दुकान काढत होता, घटस्थापनेला उद्घाटन होतं. काउंटरमागची पूर्ण भिंत त्याला ‘रविवार’साठी हवी होती, पुढे निघणाऱ्या दोन शाखांतही तेच. दुसरं कुठलंही चित्र नको. छपाई शुक्रवारपर्यंत द्यायची होती. योगायोगाने त्याच आठवड्यात जुन्या लॅबनेही एव्हलिनला परत बोलावलं होतं, आणि तिने शुक्रवारीच सांगते म्हणून ठेवलं होतं. एकेका पोस्टरवर घर चालत नव्हतं. हर्षदचं काम झालं तर लॅबला नाही म्हणायचं, नाहीतर एक तारखेपासून पुन्हा हनुवट्या.

सोमवारी बोरिवलीहून मानसी धुरीचा फोन आला. ती आधी चाचरली, मग सगळं एका दमात बोलली. आठ दिवसांपूर्वी तिने प्रदर्शनातून हेडफोनवाल्याचं कुशन घेतलं होतं. पितृपक्ष चालू होता. सासूने, शेवंतीबाईंनी, आपल्या वडिलांचा फोटो पुसायला भिंतीवरून काढला आणि सोफ्यावर टेकवला, तो नेमका कुशनला. मग बाई पुसायच्या थांबल्या. कोट तोच, खुर्ची तीच. डाव्या हाताचा अंगठा मुठीत दुमडलेला, तोही तसाच. साठ वर्षं समोर असलेला फोटो. त्यातला अंगठा त्या विसरणं शक्य नव्हतं. फरक एवढाच, की घरातल्या फोटोत वडिलांचे डोळे उघडे आहेत आणि डोक्यावर फेटा आहे.

आणि तो फोटो, मानसी म्हणाली, ते गेल्यावर काढलेला आहे. जिवंतपणी त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. अशा वेळी फोटोग्राफरला घरी बोलवायचे, तोंड उघडं पडू नये म्हणून जबडा पट्टीने बांधून माणसाला खुर्चीत बसवायचे आणि स्टुडिओत ब्रशने डोळे उघडायचे.

एव्हलिनने फोन ठेवला आणि आईला सांगितलं. एथेल भाजी निवडत होती.

“आपल्यात मेलेला माणूस बसतो कधी?” ती म्हणाली.

चूक कुठे झाली, ते या एका वाक्यात होतं. मिस्किटांच्या घरातल्या अल्बममध्ये मयताचे अकरा फोटो आहेत. प्रत्येकात पेटी उघडी, माणूस आत झोपलेला, पायांत बूट, भोवती सगळं खानदान कॅमेऱ्याकडे बघत उभं. मेलेला माणूस आडवा असतो, हे एव्हलिनला चालता येण्याआधीपासून माहीत होतं. बसलेल्या माणसाबद्दल तसली शंका तिच्या मनाला शिवली नाही. दाढदुखी शिवली.

मंगळवारी शेवंतीबाई आंबोलीला आल्या. बरोबर मानसी, हातात पंच्यात गुंडाळलेला फोटो. चहा नको म्हणाल्या, आधी ते दाखव म्हणाल्या. एव्हलिनने मूळ फोटो टेबलावर ठेवला, त्यांनी शेजारी आपला ठेवला.

घरचा फोटो त्या काळच्या हिशेबाने मेहनतीने केलेला होता. पट्टीवर फेटा चढवला होता, गालांवर कल्ले रंगवले होते. डोळ्यांत मात्र कारागीर चुकला होता. ते गरजेपेक्षा मोठे होते आणि एका दिशेला बघत नव्हते; डावा समोर, उजवा दाराकडे.

शेवंतीबाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. वडील लवू परब, मालवणकडचे, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. त्रेसष्ट साली तीन दिवसांच्या तापात गेले तेव्हा शेवंती अकरा महिन्यांची होती. मामाने धावत जाऊन पारल्याहून फोटोग्राफर आणला. अंगातला कोट शेजाऱ्याचा होता. फोटो झाल्यावर काढून परत दिला. फेटा माणसाने जन्मात बांधला नव्हता. त्यांची आई त्या फोटोला रोज नमस्कार करायची आणि रोज म्हणायची, हा असा नव्हता दिसत. मग कसा दिसायचा, ते तिला कधी सांगता आलं नाही.

एवढं सांगून त्या मूळ फोटोकडे बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी मानसीला विचारलं, आपल्या प्रांजलचं नाक असंच आहे की नाही. प्रांजल मानसीचा मुलगा, वय चौदा. मानसीने वाकून बघितलं आणि आहे म्हणाली.

एव्हलिनने आपल्याला येत होतं ते पुढे केलं. “आंटी, डोळे मी नीट उघडून देऊ? तुमच्या डोळ्यांवरून करीन. ओळखू येणार नाही.”

“नको गो,” शेवंतीबाई म्हणाल्या. “साठ वर्षं टक लावून बघतोय. ह्याच्यासमोर साखर चोरून खायची सोय नव्हती. मिटलेलेच असू देत.”

एव्हलिन म्हणाली, चित्र मी आजच काढून टाकते. नेटवरून, प्रदर्शनातून, सगळीकडून. तसं करणं तिला भाग नव्हतं. कायद्याने तिला कोणी काही विचारणार नव्हतं आणि शेवंतीबाईंनी तसं म्हटलंही नव्हतं. पण समोर टेबलावर तो माणूस होता आणि त्याची मुलगी होती. दुसऱ्याचे आजोबा चालतात, या नियमात दुसरा समोर येऊन बसला तर काय करायचं, हे लिहिलेलं नव्हतं.

एथेलला राहवलं नाही. आतून ओरडून ती म्हणाली, काढ ना, काढ, आणि जा परत बायकांच्या हनुवट्या कापायला. मग हनुवट्यांचं काय, हे पाहुण्यांना सांगणं आलं. कॉफीचं दुकान, भिंत, शुक्रवार, लॅब, सगळंच निघालं.

शेवंतीबाईंनी ते एखाद्या स्थळाची चौकशी करावी तसं ऐकून घेतलं. तिथे दारू मिळते काय, त्यांनी विचारलं. नाही, कॉफी. चित्र उंचावर लागणार ना? हो, काउंटरच्या मागे. तिथे येऊन लोक काय करणार? बसणार, बोलणार, चित्र बघून जरा हसतील.

“मग असू दे,” त्या म्हणाल्या. “पण कुशन बंद. माझ्या नातवानं आठ दिवस बापसावर बसून क्रिकेट बघितलं. आणि खाली नाव घाल. रविवार काय, रविवार? लवू परब लिही.”

“आणि साल वगैरे?” एव्हलिनने विचारलं.

“मेलाय ते लिहू नको. लोक हसायचे थांबतील.”

मग चहा झाला. चहा पिता पिता शेवंतीबाईंनी हेडफोनवाल्या चित्राकडे बोट केलं आणि म्हणाल्या, त्या पारल्याच्या बाबाने फेटा घातला, तू हे घातलंस, त्याला बिचाऱ्याला कोणी विचारलंच नाही. मानसीला हसू आवरेना. एव्हलिनला हसावं की नाही ते कळेना, म्हणून तिने बिस्किटं पुढे केली.

हर्षदची गोष्ट वेगळी होती. ‘रविवार’ हे नाव त्याने मेनूकार्डावरसुद्धा धरलं होतं. लवू परब कोण, लोक विचारतील, मी काय सांगू, असं त्याचं म्हणणं. एव्हलिनने सांगितलं की नाव असेल तर चित्र आहे, नाहीतर नाही. तो बघतो म्हणाला आणि दोन दिवस त्याने काही बघितलं नाही. या दोन दिवसांत एव्हलिनने लॅबला जायचे कपडेही इस्त्रीला टाकले होते, असं एथेल सांगते. गुरुवारी संध्याकाळी हर्षदचा निरोप आला: चालेल, पण अक्षरं लहान ठेव. शुक्रवारी सकाळी मोठी छपाई टेम्पोत चढली आणि त्यानंतर एव्हलिनने लॅबला फोन करून नाही म्हटलं.

कुशनची उरलेली कव्हरं अजून माळ्यावर आहेत. एथेलने त्यांची फडकी करायचं सुचवलं होतं. ते बसण्याहून वाईट, असं एव्हलिनने तिला समजावलं. मूळ फोटो शेवंतीबाई घेऊन गेल्या. एव्हलिनने त्याची पट्टी पुसून एक मोठी प्रतही त्यांना करून दिली, डोळे मिटलेलेच ठेवून. ती त्यांच्या कपाटात आहे. भिंतीवर अजून फेटेवालाच टांगलेला आहे, कारण नातेवाईक त्याला ओळखतात.

घटस्थापनेनंतरच्या शनिवारी मानसी सासूला घेऊन गोरेगावला गेली. दुकान भरलेलं होतं. काउंटरमागे छतापर्यंत लवू परब बसलेले, कानांवर नारिंगी हेडफोन, पायाशी नाव, लहान अक्षरांत. शेवंतीबाईंनी कॉफी मागवली, एक घोट घेतला आणि तीन पुड्या साखर घातली.

पलीकडच्या टेबलावर कॉलेजातली दोघं बसली होती. मुलीने चित्राखालचं नाव वाचलं आणि मुलाला विचारलं, हा डीजे कुठला रे, तुला माहितीये? मुलगा बाविशीचा असेल. त्याने चित्राकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली.

“लवू परब? ऐकलंय ना मी. लाइव्ह.”

शेवंतीबाई मानसीकडे वळल्या.

“मिलमध्ये असेल त्याच्याबरोबर,” त्या म्हणाल्या.